कोपराच्या मापाचं टेबल

वसईहून ओमानला निघालो त्या सकाळी टॅक्सी दारात उभी होती, मम्मी सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा बॅगेत कोंबत होती, आणि पापांनी मला रस्त्याकडच्या रिकाम्या खोलीत बोलावलं. भिंतीशी उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि पेन्सिलीने रेघ मारली. "ह्या उंचीचं टेबल करून ठेवतो. चार वर्षं काम शीक, मग इथं दुरुस्तीचं दुकान टाक." पापा सुतार. रडणं त्यांना जमत नसे, माप घेणं जमायचं.

आधी मस्कत, मग सोहार. आमची एजन्सी युरोपातले ड्राइव्ह विकायची. ड्राइव्ह म्हणजे विजेच्या मोटारीचा वेग कमीजास्त करणारा डबा. तो बिघडला की नवा यायला महिने लागत, म्हणून अर्बाब, आमचा मालक, तो माझ्यापुढे ठेवायचा, "यल्ला, चल रॉबर्ट, आज पाहिजे." मी तो खोलायचो, जळलेलं शोधायचो, नवं जोडायचो. मोटार परत फिरली की वाटायचं, आपलं दुकान नक्की चालणार.

चाराची आठ झाली, आठाची बारा. बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, पोरीची शाळा. ही कारणं तुम्हा गल्फ करून आलेल्या गाववाल्यांना पाठ आहेत, निम्मी तुम्हीही दिलीत. दर सुट्टीत घरी गेलो की खोली झाडलेली असायची आणि टेबलावर धुळीचा कण नसायचा. पापा रोज स्वतः झाडायचे. त्याचाच जास्त त्रास व्हायचा.

मग सोहारचं बंदर झालं, कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग एक चिनी कंपनी आली. तेच काम करणारा डबा, निम्म्या किमतीत, आठवड्यात हजर. तिचा इंजिनियर लिन आम्हाला शिकवायला आला. सज्जन माणूस. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर पाहून हसून म्हणाला, "नो ओपन. ओन्ली चेंज." बिघडला की काढायचा, दुसरा लावायचा. जेवताना त्याने मोबाइलवर आपल्या लहान मुलाचा फोटो दाखवला. इथं जम बसला की कंपनी त्याला सुदानला पाठवणार होती. घरी कधी जाणार, हे मी विचारलं नाही. मला कुणी विचारलेलं आवडत नाही.

थोड्याच महिन्यांत अर्बाब म्हणाला, "रिपेअर खलास. तू आता हे विक." मी विक्रीचा माणूस नव्हे. सोहारच्या घरी येऊन बायकोला, सेलिनला, सांगितलं, आता पुरे, वसईला जाऊ, खोली आहे, टेबल आहे. पोरगी दारातून ऐकत होती. "डॅडी, आपण जाणार? लाइक, कायमचं?" तिला कायमचं हा शब्द येतो, हे मला तेव्हाच कळलं. पापांना फोनवर काही न सांगता मी एकटाच सुट्टी टाकून गेलो. समोर उभं राहून सांगायचं होतं.

टॅक्सीतून उतरलो तर रस्त्याकडच्या खोलीला शटर. आत ओळखीची खोकी, छतापर्यंत. सोहारच्या गोदामात होती तीच, त्याच कंपनीची. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बोला साहेब, काय पाहिजे?"

माझ्याच घरात मला सुचेना काय पाहिजे ते.

पापा मागच्या दाराने आले. आनंदात होते बिचारे. "तुझ्याच लायनीतला माणूस आहे, म्हणून दिली भाड्याने." मग माझा चेहरा पाहून हळूच म्हणाले, "रिकामी खोली झाडून झाडून कंटाळलो रे."

मला राग आला, खूप आला, आणि कुणावर काढावा ते कळेना. खोक्यांच्या आड ते टेबल होतं. दोन खोकी सरकवून मी कोपर टेकवून पाहिलं. बरोबर बसलं. मागे भिंतीवर पेन्सिलीची रेघही होती, फिकट. जे सांगायला गेलो होतो ते मी सांगितलं नाही. पापांनीही विचारलं नाही का आलास.

सोहारला परत येऊन मी तीच खोकी विकतो. पोरगी कॉलेजात गेली, लिन सुदानहून आणखी पुढे कुठे गेला. तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? अरे, घर आहेच. तिथं माझ्या मापाचं एक टेबल आहे, आणि त्याच्यापुढे उभं राहायला जागा नाही.