गरम कांडी कुठे टेकवायची

"डावराना टेबलवर उजवी पोर बसाडेल शे आबानी. हात भाजी ली ती एखादा रोज."

ओट्यावरून हे ऐकू आलं तेव्हा माझ्या हातातल्या काचेच्या कांडीचं टोक नुकतंच मऊ पडायला लागलं होतं. बोलणारे नाना कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. आमच्याकडून ढवळायच्या कांड्या, ड्रॉपर, वाकवलेल्या नळ्या असा माल न्यायला ते धुळ्याच्या आमच्या घरी यायचे. आई त्यांना चहा देत होती. बशीचा आवाज झाला, आणि मग तिने विचारलं, "साखर बराबर शे ना?"

मी कांडी ज्योतीतून काढली आणि ती ठेवायला हात डावीकडे नेला. उजवा हात, ज्योतीवरून, डावीकडे. मनगटाला झळ लागली. रोज लागायची.

ते टेबल माझ्या भावाचं होतं. तो घरातला थोरला, म्हणून त्याला सगळेच भाऊ म्हणत, माझे वडील आबासुद्धा. तो डावखुरा होता, नानांच्या भाषेत डावरा. त्याच्या आधी तीच खोली, तोच पायाने चालवायचा भाता आणि तीच निळी ज्योत आबांची होती, पण ज्योतीकडे बघता बघता आबांच्या डोळ्यांवर पडदा आला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते नीट झालं नाही, दुसऱ्यानेही दिसणं कमी होत गेलं, आणि डॉक्टरांनी त्यांना ज्योतीसमोर बसायला बंदी केली. तेव्हा आबांनी अख्खं टेबल भावाच्या हाताप्रमाणे फिरवून घेतलं. गॅसची चावी डावीकडे गेली, भात्याचा पाय बदलला, गरम माल टेकवायची जागा डावीकडे झाली आणि थंड मालाची उजवीकडे. आबांना त्याचा केवढा अभिमान होता! आल्यागेल्याला सांगत, "माले उलटं शिकनं पडनं, पन पोऱ्यानं काम सुलटं व्हयनं."

काचेच्या कामात बघणाऱ्याचं लक्ष ज्योतीकडे असतं. पण काम अडतं ते गरम कांडी खाली ठेवताना. टोक लाल असतं तेव्हा कोणीही सांभाळतं. लाली गेली की ते टोक इतर काचेसारखंच दिसतं आणि तेव्हाच खरं भाजतं. शिवाय ते टोक कशालाच टेकता कामा नये. थंड लोखंडाला टेकलं तर तडकतं, लाकडाला टेकलं तर लाकूड जळतं आणि काचेवर काळा डाग पडतो. म्हणून कांडी तिच्या थंड भागावर टेकवायची आणि गरम टोक हवेत अधांतरी राहू द्यायचं. ज्या हाताने ठेवणार त्या हातापासून ते लांब राहील असं.

त्यासाठी बाजारात काही मिळत नव्हतं. निदान धुळ्यात तरी नव्हतं. आबांनी कानशीने खाचा पाडलेलं कौल वापरलं होतं. भावाला मात्र या एका गोष्टीचा छंदच लागला होता. तो भंगारवाल्याकडे जाऊन तासन्‌तास बसे. पन्हाळी सिमेंटच्या पत्र्याचा तुकडा आणला, तर कांड्या सरीत नीट झोपल्या, पण पूर्ण लांबीने टेकायच्या आणि एका अंगाने लवकर निवून तडकायच्या. तो त्याने सोडून दिला. मग एकदा आईची वांगी भाजायची जाळी नाहीशी झाली. ती तिला दोन दिवसांनी टेबलावर सापडली. तिच्या तारा नागमोडी वाकवलेल्या आणि प्रत्येक वळणात एक कांडी.

"आते वांगं काय तुना टाळकावर भाजू?" आई ओरडली.

"भाज ना. केस कमीच शेतस आठे."

आबा एवढे हसले की त्यांना खोकला आला. मी सुट्टीत आले होते. दारात उभी राहून मीही हसले असेन. आवाज न करता. घरात सगळे अहिराणी बोलत. मी लहानपणापासून जळगावला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझ्या तोंडून ती भाषा पाहुण्यासारखी निघे. भाऊ मला "मॅडम" म्हणून चिडवायचा. म्हणून मी कमी बोलायचे, आणि मग ते तसंच राहून गेलं.

शेवटी त्याने सायकलचं दातेरी चक्र आणलं आणि अर्धं सिमेंटमध्ये पुरून उभं केलं. दोन दातांमध्ये एक कांडी. कांडीच्या थंड टोकाखाली मागे एक बुटका आधार, त्यामुळे कांडी तिरपी राही आणि गरम टोक उजवीकडे वर निघे, त्याच्या डाव्या हातापासून दूर. ते चक्र त्याला इतकं जमलं की मग त्याने दुसरं काही शोधलं नाही. जळगावला कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी कधी कधी एखादी कांडी उचलायचे आणि मला कळायचं की ही आमच्या घरून आलीय. त्याच्या कांडीचं गोल टोक किंचित एका अंगाला झुकलेलं असे. शेजारच्या मुलीला मी हे कधी सांगितलं नाही. कांडी धुऊन जागेवर ठेवायचे.

भाऊ साक्रीच्या एका शाळेला माल पोचवायला मोटरसायकलवर गेला होता. येताना अपघात झाला. एवढंच मी लिहू शकते.

माझी परीक्षा संपली होती आणि मी घरीच होते. टेबलावर बसायला मला कोणी सांगितलं नाही. एक दिवस आबा दार लावून आत गेले. मला भात्याचा आवाज आला, मग काच फुटल्याचा. मी आत गेले तर आबा डोळे जवळजवळ मिटून ज्योतीपुढे बसले होते आणि हाताने चाचपडत चावी शोधत होते. मी चावी बंद केली. त्यांच्या खांद्याला हात लावला. ते उठले. मी त्या स्टुलावर बसले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. थोड्या वेळाने मागून ते म्हणाले, "भाता हळू मार."

तेव्हापासून मी तिथे बसते. बघून बघून बरंच येत होतं, बाकीचं आबा कानाने शिकवायचे. ज्योत फार फुरफुरली की हवा कमी कर, कांडी फिरवताना बोटांचा आवाज थांबला की का थांबलीस. पण टेबल भावाचंच होतं. कांडी मी उजव्या हाताने धरणार, ती ठेवायला ज्योतीवरून डावीकडे नेणार, आणि चक्रावरच्या आधीच्या कांड्यांची गरम टोकं नेमकी माझ्या मनगटाकडे रोखलेली. डाव्या हातात घेऊन ठेवावी तर कांडी बदलता बदलता टोक वाकायचं. हातावर बारीक डाग पडायला लागले. मी पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालायला लागले. आईला वाटलं जळगावची फॅशन.

चक्र उचलून उजवीकडे ठेवायचं, आधार उलटा फिरवायचा, एवढंच करायला हवं होतं. पण रोज सकाळी आबा टेबल पुसायचे. पुसणं म्हणजे बोटांनी बघणं. चावी, चिमटा, कानस, चक्र, प्रत्येक वस्तूला हात लावून ते ती भावाने ठेवली होती तिथेच पुन्हा ठेवायचे. बोटभरसुद्धा फरक त्यांना कळायचा. चक्रावर हात ठेवून ते जरा वेळ थांबत. मी दारातून बघायचे आणि परत फिरायचे.

म्हणून मी उजवीकडे माझी तात्पुरती सोय करायला लागले. दुपारी आबा पडायला गेले की करायची आणि संध्याकाळी मोडायची. पहिल्यांदा समोरच्या बांधकामावरची वीट आणली, तिला करवतीने खाचा पाडल्या. वीट छान होती. जड, हलणार नाही अशी. पण तिची लाल भुकटी टेबलभर पडायची. आईने ते पाहिलं, आणि मला मदत म्हणून ती वीट नळाखाली घासून धुतली आणि परत होती तिथे ठेवून दिली. मी पहिलीच कांडी टेकवली, टिक् करून तडकली. दुसरी, टिक्. वरून कोरडी दिसणारी वीट आतून पाणी प्यालेली होती. तोंडात पदर धरून आई उभी राहिली. तिने माझ्यासाठी इतक्या महिन्यांत केलेली ती पहिली गोष्ट होती. मी म्हटलं, "काच जुनी होती." काच जुनी नव्हती.

मग दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, कडेला कात्रीने खाचा पाडल्या. तो हलका, कांडी ठेवली की कलायचा, म्हणून त्यात वाळू भरली. ते जमलं. कांड्यांची गरम टोकं डावीकडे, ज्योतीच्या दिशेने निघायची आणि माझा हात मोकळा राहायचा. दुपारच्या त्या वेळात माझं काम पहिल्यांदा सरळ व्हायला लागलं. संध्याकाळी मी डबा टेबलाखाली सरकवून ठेवायचे. एकदा राहिला. सकाळी आबांच्या बोटांना तो लागला. त्यांनी तो चहूबाजूंनी चाचपून बघितला, खाचा मोजल्यासारखं केलं, आणि वाकून टेबलाखाली ठेवला.

"भाऊनी जागा शे ती," ते म्हणाले. रागावून नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं.

आईला ते कळत होतं. एकदा भाकरी थापताना ती म्हणाली, "तू बोल ना त्यास्ले. मी बोलनू तर रडतस." मी मान हलवली, पण आबांकडे विषय काढला नाही. मी बोलले असते तर ते रडले नसते, असं कोणी सांगितलं होतं? आणि चक्र जागेवर आहे तोवर भाऊ साक्रीलाच गेलाय असं त्यांना सकाळची काही मिनिटं वाटत असेल, तर ती मिनिटं माझ्या मनगटापेक्षा मोठी होती, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

प्रॅक्टिकल परीक्षांचे दिवस आले. पारोळ्याच्या एका कॉलेजला ढवळकांड्या हव्या होत्या आणि आमच्या नानांनाही नळ्या लगेच हव्या होत्या. त्या दिवशी मी सकाळपासूनच डबा वर काढला. आबा ओट्यावर बसले होते, म्हणून मला वाटलं ते आत येणार नाहीत. काम चांगलं चाललं होतं. डब्यावर कांड्या भरत गेल्या, लाली उतरून साध्या काचेसारख्या दिसायला लागल्या.

आबा आत आले ते मला भात्याच्या आवाजात कळलं नाही. तयार कांड्यांची टोकं गोल आली की नाही हे ते नेहमी बोटाने बघत. ते माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. त्या टेबलावर उजवीकडे थंड माल. इतकी वर्षं तसंच. त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि मूठभर कांड्या टोकांकडून धरल्या.

कांड्या खाली पडून फुटल्या आणि तो वास आला, जो मला माझ्या मनगटाचा माहीत होता. मी त्यांचा हात ओढून कोपऱ्यातल्या पाण्याच्या मडक्यात घातला. आई धावत आली, तिने तांब्या तांब्या पाणी ओतलं. तळहातावर आणि बोटांवर पांढरे पट्टे उठत होते. ज्या बोटांनी ते बघत होते, तीच ती बोटं.

ज्योत अजून चालूच होती. आबांनी तोंड तिच्याकडे केलं, तिच्या उजेडाकडे, कारण तेवढंच त्यांना दिसत असावं. मी स्टुलाजवळ उभी होते.

"भाऊ," ते म्हणाले, "आठे काबर ठेवं रे? आठे तर थंडा माल ठेवतस ना आपुन."

आई पाणी ओतता ओतता थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मडक्यातून पाणी फरशीवर सांडत होतं आणि पसरत काचांपर्यंत गेलं. आबा उत्तराची वाट बघत होते. आवाज येईल त्या बाजूला त्यांनी कान केला होता, आणि त्यांचा चेहरा सकाळी टेबल पुसताना असतो तसा होता. मी गप्प राहिले असते तर त्यांना तेही उत्तर चाललं असतं. मी इतके महिने तेच उत्तर देत होते.

मी वाकून चावी बंद केली. माझा आवाज त्या खोलीत मलाच अनोळखी वाटला.

"आबा, भाऊ नाहीये. मी आहे. मी उजव्या हाताने काम करते."