गणपतच्या भिंतीवरचे शब्द

शाळा सुटल्यावर मी अकोल्याच्या बाजारातून घरी येत होतो. कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, आणि तिच्यात आमच्या नांदगाव पेठेचा एक ओळखीचा गाडीवान होता. मला पाहताच तो खाली उतरला आणि डोक्याचं मुंडासं हातात घेऊन उभा राहिला. "गुरुजी, आपला गनपत गेला," तो म्हणाला. "पेचात गेला." मागच्या गाड्या खोळंबल्या होत्या, माणसं ओरडू लागली होती. त्याला निघावं लागलं.

गणपत माझा लहानपणापासूनचा मित्र. मी मास्तर होऊन अकोल्याला आलो, तो गावातच राहिला आणि गोऱ्या कापूस व्यापाऱ्याचा दुभाषी झाला. कापूस दाबून गासड्या बांधायचं वाफेचं यंत्र, ज्याला आमच्याकडे पेच म्हणतात, ते अमरावतीच्या वाटेवर उभं राहिलं, आणि तिथंच तो गेला. बातमी आली त्या दिवसापासून इथल्या बाजारात जो तो शहाणपणा सांगत सुटला आहे. म्हणे दुभाष्याला साहेबाच्या भाषेत 'सुरू कर' म्हणता येत होतं, 'थांब' म्हणता येत नव्हतं. गादीवर लोळून पान चघळणाऱ्यांनी असं बोलावं याची मला चीड येते. मला जे ठाऊक आहे ते लिहितो, म्हणजे निदान तोंडं तरी बंद होतील.

गणपतचं घर माळ्याचं. वांगी, भेंडी, झेंडू घेऊन तो बापाबरोबर अमरावतीच्या छावणीत जायचा आणि साहेबांच्या मुदपाकखान्याच्या दाराशी उभ्या उभ्या इंग्रजी उचलायचा. पुढे दूर कुठल्या मुलखात लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. साहेब आले, दलाल आले, आणि गणपतच्या जिभेला काम मिळालं. पण त्याला खरी गोडी होती ती शब्दांची. त्यातही फेकण्याचे आणि सुरू होण्याचे. ते का, हे त्याला कधी सांगता आलं नाही. चुलीमागच्या भिंतीवर तो कोळशानं ते शब्द आपल्या अक्षरात लिहायचा. एका बाजूला थ्रो, कास्ट, टॉस, फ्लिंग, पिच... दुसऱ्या बाजूला स्टार्ट, बिगिन, सेट ऑफ. मी सुट्टीत गेलो की हात धरून चुलीपुढे बसवायचा. कुंभार चाकावर मडकं घडवतो, त्यालाही साहेब 'थ्रो'च म्हणतो. लोखंड साच्यात ओततात ते 'कास्ट', आणि कोळी जाळं टाकतो तेही. झुडपातून ससा उठवला तरी 'स्टार्ट', पेच चालू केला तरी 'स्टार्ट'. आणि 'लाँच' हा शब्द त्यानं दोन्ही रांगांच्या मधोमध लिहिला होता, कारण भालाही लाँच करतात आणि नवं जहाजही पाण्यात लाँच करतात.

"पाय न् किसना, इथं फेकनं आन् सुरू होनं एकाच घरात रायते," तो मला म्हणायचा.

त्याची माय भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा मान वर न करताच म्हणाली, "आपलं टाकनं काय कमी हाय का रे? लोनचं टाकतो, दळन टाकतो, सडा टाकतो. त्याची भिंत काहून नाई काळी केली?" गणपत इतका हसला की त्याला ठसका लागला. मला आठवणारं त्याचं शेवटचं हसू तेच.

आता पेचाचं. आमच्याकडे कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात. बाई शेतात उभी राहून दहीभाताची मूठ चारी दिशांना फेकते, आणि पाचवी मूठ वाकून झाडाच्या मुळाशी ठेवते. त्याशिवाय बोंडाला हात लागत नाही. गावात हा मान गणपतच्या मायचा. पेच उभा राहिला तेव्हा त्यावरची माणसं अडून बसली. सीतादही झाल्याशिवाय लोखंडाला हात लावणार नाहीत म्हणाली. साहेब तापला. गणपतनं त्याची समजूत घातली आणि ठरवून टाकलं, की माय दहीभात फेकेल आणि मग पलीकडे चाकाशी उभा असलेला गोरा इंजिनवाला वाफ सोडेल. गणपतच्या बायकोनं मला सांगितलं, त्या सकाळी स्वारी भारी खुशीत होती. 'आज थ्रो आन् स्टार्ट दोघंबी एकाच दारात उभे हायेत' असं म्हणत कोट चढवला.

मायनं चार मुठी फेकल्या. इंजिनवाल्याला फेकणं दिसलं. त्यानं शिट्टी दिली आणि ठरल्याप्रमाणे वाफ सोडली. त्याची चूक कशी म्हणू? पाचवी मूठ त्याला कोणी सांगितलीच नव्हती. गणपतनं जन्मापासून दरसाल ती पाहिली होती. इतकी नेहमीची गोष्ट वेगळी सांगावी लागते हे त्याच्या मनातही आलं नसणार. आणि शिट्टी म्हणजे काय हे मायला कोण सांगणार? ती मूठ हातात घेऊन पेचाभोवती फिरत होती. "याचं मूळ कुठी हाय?" असं विचारत होती. मग पेचाच्या तुळईखाली वाकून ती खड्ड्यात उतरली, जिथं वरून लोखंडी पाट खाली येतो... मूळ खालीच असतं ना. गणपतला ती आत दिसली. तो ओरडला, "थांब!" आणि उडी टाकून त्यानं तिला बाहेर ढकललं. ती वाचली. तो नाही.

मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपून तीन आठवडे झाले होते. घर सारवलेलं होतं, जमीन, ओटा, सगळ्या भिंती. फक्त चुलीमागचा तुकडा तसाच होता, कोळशाच्या अक्षरांसकट. माय त्याच्यासमोर बसली होती. तिनं मला भाकरी वाढली आणि मी पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, "किसना, त्यानं 'थांब' कोनाले म्हनलं? मले का त्या गोऱ्याले?"

"त्याले, माय. चाक थांबवाले."

"मंग त्याच्या बोलीत काहून नाई म्हनलं?"

आई मरणाच्या तोंडाशी दिसते तेव्हा पोराच्या तोंडून आईचीच बोली निघते. कितीही शब्द भिंतीवर लिहिले तरी त्या वेळी त्यांतला एकही हाताशी येत नाही. बाजारातल्या शहाण्यांना हे कळत नाही. मायला मात्र ते कळून चुकलं होतं, आणि तिला तेच खात होतं.

"माह्या बोलीत बोलला तो," ती म्हणाली. "मले वाटलं मलेच म्हनते. पोरानं थांब म्हनलं, मी थांबली. तिथंच, मूठ घेऊन. नाई थांबली असती तं बाहेर आली असती, किसना. दोनच पावलं होती." मी खूप समजावलं. पाट खाली येतच होता, दोन पावलं झाली नसती, असं काहीबाही बोललो. ती ऐकत होती, पण तिला ते पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

मग तिनं भिंतीकडे बोट केलं. "याच्यात त्याहिचं 'थांब' कोनतं हाय?"

"इथं नाई, माय."

ती उठली आणि चुलीतून विझलेला कोळसा काढून माझ्या हातात दिला. फेकण्याच्या आणि सुरू होण्याच्या रांगांखाली जागा होती. मी तिथं 'स्टॉप' लिहिलं. ते तिनं माझ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं आणि स्वतः म्हणून पाहिलं. दातांच्या फटीतून अर्धा शब्द निसटत होता. नीट आल्याशिवाय तिनं मला ताटावर बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो. गाडीत बसत होतो तेवढ्यात अमरावतीच्या वाटेवरून पेचाची शिट्टी ऐकू आली. गणपतला जाऊन महिना झाला नव्हता, आणि गासड्या रोज बांधल्या जात होत्या. माय चुलीपासून उठून उंबऱ्यात आली. त्या दिशेला तोंड करून, ऐकणारं माणूस समोरच उभं असावं तशी, स्पष्ट म्हणाली, "स्टॉप."

शिट्टी सरली आणि पेच सुरू झाला.