कडुलिंबाचा पाला

भैरोबाच्या देवळाची ओसरी आणि तिथे मुलाचे तळपाय चोळत बसलेली ती म्हातारी मला आजही जशीच्या तशी दिसते. नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली, त्यांची गणती ठेवली नाही. पण शवविच्छेदनाचा विषय निघाला की आधी तीच बाई आठवते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा तो दुष्काळ. मी पारनेर तालुक्यात फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात एका गावचा पोलीस पाटील वर्दी घेऊन आला. एका शेतकऱ्याच्या धाकट्या मुलाला काल पहाटे विहिरीवर साप चावला, देवळात ठेवलाय, भगत मंत्र घालतोय. एवढं सांगूनही पाटील उठेना. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आणखी काय?" मी विचारलं.

"साहेब, आमच्यात कुनाला पान लागलं की समदा गाव जागा व्हतो. बोंबाबोंब व्हती. ह्या टायमाला कुनी आरडलंच न्हाई. थोरल्या भावानं एकट्यानं गाडीत घालून आनला."

पान लागणं म्हणजे साप चावणं; तिकडे सापाचं नाव घेत नाहीत. मला एवढं पुरेसं होतं. अकस्मात मृत्यूची नोंद केली, डायरी भरली आणि जीप काढली.

ओसरीवर मुलगा आडवा होता. ऊन तापलेलं, वास सुटू लागला होता. म्हातारी, त्याची आई, त्याचे पाय दोन्ही हातांनी चोळत होती. मी पंचांना बोलावलं तशी तिने माझी वाट अडवली.

"साहेब, कापू नगा त्याला. काल लाकडावानी ताठ हुता. आज बघा, हात सैल पडल्यात. ईख उतराया लागलंय."

मेल्यावर माणूस ताठरतो आणि उन्हाळ्यात एक-दीड दिवसात पुन्हा सैल पडतो, हे मला शिकवलेलं होतं. तिला ते कसं सांगायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, आधी डॉक्टर छाती तपासतील. तुमच्या देखत. धुगधुगी असली तर मी स्वतः त्याला नगरच्या दवाखान्यात नेतो." तेव्हा कुठे ती बाजूला झाली.

मृत्यूच्या कारणाची शंका असेल तर प्रेत सरकारी डॉक्टरकडून तपासून घेणं फौजदाराला भाग असतं. नातेवाइकांची संमती लागत नाही. तेव्हाच्या कायद्यातही तसंच होतं. फक्त हवामान आणि अंतर पाहता वाटेत प्रेत कुजू नये, एवढी अट. त्या उन्हात तालुक्यापर्यंत नेणं शक्यच नव्हतं, म्हणून जीप पाठवून डॉक्टरांनाच गावात आणवलं. त्या काळी असं सर्रास चालायचं.

जीप येईपर्यंत प्रेताच्या स्थितीचा, म्हणजे इन्क्वेस्ट पंचनामा उरकला. डाव्या पायाला दोन टोचे, अंगावर दुसरी ठळक खूण नाही. मग थोरल्याला समोर बसवलं. चांगला धट्टाकट्टा गडी, बोलायला तयार.

"पान लागल्यावर काय केलंस?"

"लिंबाचा पाला चारला की, साहेब."

"खाल्ला त्यानं?"

"व्हय. मूठभर खाल्ला. गोड लागतोय म्हनला."

अंगात विष भिनलं की कडुलिंब गोड लागतो, असं तिकडे लहान पोरही सांगेल. त्याचा जबाब मी शब्दशः लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. तो मान डोलावत होता. लबाड माणूस नेहमी गरजेपेक्षा जास्त सांगतो. माझ्या बहुतेक केसेस मी अशा जास्तीच्या वाक्यांवर सोडवल्या आहेत.

डॉक्टर आले. म्हातारीसमोर त्यांनी नळी छातीला लावली, पापण्या उघडल्या, नाडी पाहिली. मान हलवली. देवळामागच्या चिंचेखाली ताडपत्रीचा आडोसा केला. शवविच्छेदन दिवसाउजेडीच करायचं हा दंडक होता आणि उजेड अजून भरपूर होता.

डॉक्टरांनी आधी पाय उघडला. "जिवंत माणसाला साप चावला तर सूज येते, आत रक्त साकळतं. इथे काहीच नाही. ही भोकं मेल्यावर पाडलीत." मग मानेची कातडी बाजूला केली. वरून जेमतेम वळ दिसत होता. आत स्नायू काळेनिळे, कंठाचं हाड मोडलेलं. रुंद कापडाने गळा आवळला होता.

"पोट बघा," मी म्हणालो.

पोटात भाकरी होती, हुलग्याचं पातळ माडगं होतं. कडुलिंबाचं एक पानही नव्हतं. तोंडातही नव्हतं. तरी विषाची शंका राहू नये म्हणून व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे तुकडे, मिठाच्या पाण्यात घालून बरण्यांना लाखेचं सील केलं. हात धुऊन मी पुन्हा ओसरीवर गेलो.

थोरल्याला विचारलं, "पाला कुठं गेला?"

"वकला आसंल."

"आता म्हणालास गोड लागला. मग ओकला कधी?"

त्याने मान खाली घातली. हात उगारायची गरजच पडली नाही. मग म्हणाला, "पान्याची पाळी माजी हुती. त्यानं पाट त्याच्या वाफ्याकडं फोडला. मुंडासं आवळलं, साहेब. एवढ्यानं मरंल आसं वाटलं न्हवतं." पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. म्हणून पंचांना बरोबर घेतलं. ज्याने पायाला टोचे पाडले, ते गोठ्याच्या आढ्यात खोचलेलं पोती शिवायचं दाभण त्याने स्वतः काढून दिलं. ते मात्र कोर्टात टिकलं.

त्याला जीपमध्ये बसवलं तशी म्हातारी आली. एक गेला, दुसरा निघाला. ती मला शिव्या देईल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "साहेब, खरं सांगा. चिरला तवा रगात उसाळलं का?"

"नाही, मावशी. इथे आणला तेव्हाच तो गेलेला होता. डॉक्टरांनी जिवंत माणसाला हात लावला नाही."

पुढे कितीतरी प्रेतं मी तपासणीला पाठवली. प्रत्येक वेळी आत काय सापडलं, ते घरच्या माणसांना मी स्वतः जाऊन सांगितलं. कायद्यात तसं कुठे लिहिलेलं नाही. पण कापलेल्या देहावर आईचाही काही हक्क असतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

माझं उत्तर ऐकून तिने पदर तोंडाला लावला. मग जीपच्या कठड्याला धरून थोरल्याकडे पाहिलं.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली. "तरी कालपस्नं मला सांगत हुतास, आई, पाय चोळ, गार पडू दिऊ नगो."