शाब्बास म्हणायला बंदी

आमच्या टीमच्या डब्यांत भाजी कमी आणि किस्से जास्त! रोज लहान पोरांच्या घरी जाणाऱ्यांचं असंच होतं. एक सांगून संपत नाही तोवर दुसरा तयार. ऐकणारे पोट धरून हसतात. मी आणि माझी पार्टनर सुजाता मात्र ते घडताना चांगल्याच टरकलेल्या असतो.

सर्व्हेचं काम तसं सोपं. चार-पाच वर्षांच्या पोरांना ठोकळे द्यायचे, चित्रं दाखवायची, प्रश्न विचारायचे आणि पोर शाळेसाठी कितपत तयार आहे ते बघायचं. हेच खेळ म्हणे कितीतरी देशांत खेळवतात, म्हणजे सगळ्या पोरांना माप एकच. नियम मात्र कडक. पोरानं काहीही उत्तर दिलं तरी "शाब्बास" नाही, "चुकलं" नाही. फक्त "हं" म्हणायचं.

माझी भीती निराळीच. माझा ओजस साडेचार वर्षांचा आहे आणि परक्या माणसासमोर तोंडच उघडत नाही. दिवसभर लोकांची बडबडी पोरं बघायची आणि घरी येऊन याच्याकडे बघत बसायचं. शाळेत याचं कसं होणार, हीच धास्ती.

*

कोपरला एका आईनं मुलाला इस्त्रीचा शर्ट घालून बसवलेलं. "मॅडम, ह्याला हंड्रेडपर्यंत येतं!"

पोरगा सुरू झाला तो थांबेचना. मग मी म्हटलं, "मला तीन ठोकळे दे." त्यानं होते नव्हते तेवढे सगळे माझ्या ओंजळीत ओतले.

मी म्हटलं, "हं."

आईचा चेहरा पांढराफटक! मला स्वयंपाकघरात ओढत नेलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, ह्याच्या पप्पांना सांगू नका हां. त्यांनी सगळ्या ऑफिसला सांगितलंय, पोरगा जिनियस आहे म्हणून!"

*

खडवलीला सुजाता एका मुलाचा तोल बघत होती. "एका पायावर उभा राहा बरं."

पोरानं आजीकडे बघितलं आणि भोकाडच पसरलं. "मी काय केलं?"

आजी म्हणाली, "अगं बाई, ट्यूशनची टीचर शिक्षा म्हणून तसंच उभं करते त्याला."

सुजाता बिचारी खेळ आहे हे दाखवायला स्वतःच एका पायावर उभी राहिली. पोरगा आजीच्या पदराआड गेला आणि म्हणाला, "आजी, हिनेपण कायतरी केलंय!"

*

शीळफाट्याजवळच्या चाळीत आम्ही गेलेलो तेव्हा मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज फिरत होता. दोन अनोळखी बायका, हातात खेळण्यांची पिशवी. बघता बघता गर्दी जमली.

मी आयकार्ड काढलं. एक काका म्हणाले, "कार्ड काय, झेरॉक्सच्या दुकानातपण बनवून देतात!" सुजाता देवाचं नाव घेत होती.

तेवढ्यात जिच्याशी आम्ही ठोकळे खेळलेलो, ती चिमुरडी धावत आली आणि सुजाताच्या कमरेला मिठी मारून ओरडली, "मला यांच्यासोबत जायचंय!"

अंगणवाडीच्या ताई वेळेवर पोचल्या, म्हणून आज हे लिहितेय.

*

मध्ये नवीन प्रश्न आले. त्यांची प्रॅक्टिस एकमेकींच्या पोरांवर करायची ठरली. मी नाना बहाणे सांगून बघितले, पण सुजाता डोंबिवलीला आमच्या घरी आलीच. ओजसनं तिला आधी कधी बघितलेलं नव्हतं.

मी मागे खुर्चीत. आईनं बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. चित्रं झाली, ठोकळे झाले. ओजस गप्प. प्रत्येक प्रश्नाला मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल रे राजा, एक तरी शब्द बोल!

सुजातानं पुढचा प्रश्न विचारला, "ओजस, तुला भीती वाटली की तू कोणाला सांगतोस?"

तो माझ्याकडे वळला आणि परक्या माणसासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलला.

"कोणालाच नाही."

"का रे?"

"आई घाबरते."