पांढऱ्या काठाची होस्टा

अन्याय झाला तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंवर, गेल्या एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी जेवताना. मुलाने त्यांचं परतीचं तिकीट तिसऱ्यांदा पुढे ढकललं आणि वरण वाढून घेता घेता तसं सांगितलं. विचारलं नाही. साताऱ्यात त्यांची धाकटी बहीण गुडघ्याचं ऑपरेशन त्यांच्यासाठी लांबवत होती.

काकूंनी मला हे मागच्या अंगणात सांगितलं, होस्टा नावाच्या सावलीतल्या झाडाच्या कोवळ्या पानाच्या काठावरून अंगठा फिरवत. "पानं उलगडली की निघते," असं त्या दर वसंतात म्हणायच्या.

जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या आमच्या इमारतीमागे ऊन येतच नाही. तिथे होस्टा छान तगते. हिरवं पान, पांढरा काठ. उन्हात नेली की काठ करपतो. शेजारच्या जर्मन आजींनी दिलेल्या एका गड्ड्याचे काकूंनी सहा केले होते.

नातीला किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळेपर्यंतच त्या राहणार होत्या. जागा मिळाली. मग प्रश्न आला, तिला आणायला कोण जाणार? मुलगा वाईट नाही, सूनही नाही. मला राग येतो तो म्हणूनच.

होस्टावर बिनशंखाच्या गोगलगायी येतात. जर्मन शेजारी वाटीत बिअर ठेवून त्यांना बुडवतात. काकू त्यांना दह्याच्या डब्यात भरून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, एक स्टेशन पुढे नेत आणि ओढ्याकाठी सोडत. त्यांचा एकटीचा प्रवास एवढाच. एकदा मीही सोबत गेले.

"काकू, तुम्ही यांना घरापासून तोडताय."

"तोडते कुठे? जागा बदलते. आमचा मुलगा हेच म्हणतो."

मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं काढते. म्हटलं, "तुमच्यासाठीही एक काढते."

"काढ की. पण मराठीत नको गं, सूनबाई वाचेल."

मे महिन्यात पानं उलगडली. काकू निघाल्या, पण साताऱ्याला नव्हे, जवळच्याच बाड हॉम्बुर्गला. मुलाने तिथे घर घेतलं होतं. सामान उतरवताना तो जर्मन लकबीत म्हणाला, "आल्झो आई, दक्षिणेची बाल्कनी आहे, भरपूर ऊन." काकूंनी मान हलवली आणि एक गड्डा पिशवीत घातला.

परवा त्यांनी फोटो पाठवला. कुंडीतल्या पानांचे काठ करपून तपकिरी झाले आहेत. शेजारी दह्याचा डबा धुऊन पालथा घातला आहे.

तुमच्याही घरात कुणाची तरी आई राहत असेल. आज जेवताना तिला विचारा, कधी जायचंय. ती सांगेल त्याच तारखेचं तिकीट काढा, आणि पासपोर्टसकट तिच्या हातात द्या.