बाराव्या पडद्यावरचं बोट

निवृत्तीनंतर मी युकुलेले, म्हणजे छोट्या गिटारसारखं वाद्य घेतलं, नातीला शिकवायचं म्हणून. चारही तारा रोज सुरात लावायचो, पण वाद्याच्या मानेवरच्या पडद्यावर बोट दाबलं की बेसूर. नातीचं बोट धरून तारेवर दाबायचो, तर ती दोन मिनिटांत हात सोडवून पळायची. मला वाटायचं, तिलाही सूर खटकतो. वाद्यातच खोट असणार, म्हणून अंबरनाथहून रिक्षाने उल्हासनगर कॅम्प एकला गेलो. तिथे पेटी-गिटार दुरुस्त करणारे एक वयस्कर सिंधी गृहस्थ बसतात. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांनी आधी बोटातली अंगठी काढून बशीत ठेवली. मग एकेक तार मोकळी छेडली आणि लगेच बाराव्या पडद्यावर दाबून छेडली. तोच सूर, फक्त वरच्या सप्तकातला. सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा दोन्ही वेळा मधोमध.

"वाद्य एकदम बरोबर आहे, साईं. आता तुम्ही दाबा."

मी दाबलं तर काटा चढला. त्यांचं लक्ष मात्र माझ्या पांढऱ्या पडलेल्या नखाकडे होतं.

"नोकरी काय होती?"

"कारखान्यात फिटर. छत्तीस वर्षं."

"तरीच. तुम्ही नट कसताय. तार पडद्याला टेकली ना, बस. उसके आगे जोर नहीं लगानेका."

त्यांनी माझं बोट धरून जरासं सैल केलं. काटा मधे आला.

संध्याकाळी नातीला जवळ बसवलं आणि तिचं बोट धरून तारेवर ठेवलं. ती पळाली नाही. म्हणाली, "आजोबा, आज दुखलं नाही."