दृष्ट

करोना झाला तेव्हा मी घरात मागच्या खोलीत एकटाच पडून होतो. पहिले काही दिवस नाकाला कशाचाच वास येत नव्हता. ताप उतरला त्या सकाळी आईनं बंद दारावरूनच मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली आणि बाहेर शेगडीत टाकल्या. मिरच्या जळूनही ठसका आला नाही, तर दृष्ट जबर होती असं आमच्याकडे मानतात. मला असल्या प्रकारांची चीडच.

"पाय बरं, जराही वास नाही!" शेगडीवर वाकलेली आई म्हणाली. "केवढी दृष्ट होती गा तुले!"

दाराच्या फटीतून आलेल्या जळक्या वासानं मी आत खोकून बेजार झालो होतो.

"आई, तुले खरंच वास नाही येऊन राहिला?"

"नाही ना!" ती आनंदानं म्हणाली.